वरळीचा खडप, बंदर आणि सरकत गेलेला किनारा : कोळीवाड्यांच्या आठवणी इथे लिहा

भरती_ओहोटी | रविवार, रात्री १०:१५

आज आईला घेऊन वरळी कोळीवाड्यात जाऊन आले. आई आता माझ्याकडे कल्याणला असते. गुडघ्यांनी साथ सोडली आहे, जिने चढवत नाहीत, पण वर्षातून दोनदा तरी तिला बंदरावर न्यावंच लागतं. नाही नेलं तर चिडचिड करते, जेवणावरचं लक्ष उडतं.

दरवेळी आम्ही आधी गोल्फादेवीला जातो, मग काकाकडे चहा आणि मग हळूहळू क्लीव्हलँड बंदर. आज ती बंदरावर बराच वेळ उभी राहिली. समोर सागरी सेतू, अलीकडे किनारा रस्ता (कोस्टल रोड), दोघांना जोडणारे पूल आणि त्यांचे खांब. मला वाटलं खांब मोजतेय. मग म्हणाली, "आपला खडप कुठल्या खांबाखाली गेला गो?"

मला सांगता येईना. मी त्या खडपावर वाढले, पण आता समोर पाहून बोट दाखवता येत नाही. त्यासाठी हा धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ किनारा. भरतीला तिथं फक्त पाणी दिसतं. पाणी सुकलं की काळे खडक, मधे डबकी, कपारी. नकाशावर तो धड समुद्र नाही आणि धड जमीनही नाही. कुणाच्या नावावर नसतो. आमच्या वाड्यातल्या पुरुषांचं घर होडीवर चाललं, बायकांचं निम्मं घर या खडपावर चाललं.

माझी आजी, आई आणि दोन काकू अवसे-पुनवेच्या आसपास कालवं काढायला जायच्या. तेव्हा उधाणाचं पाणी असतं, म्हणजे भरती जेवढी वर चढते तेवढंच ओहोटीला पाणी लांब जातं, आणि एरवी कधी न दिसणारे खडक उघडे पडतात. अष्टमीला भांगेचं पाणी, तेव्हा गेलं तरी हाती काही लागत नाही. आजीला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण तिथी कळली की भरतीची वेळ सांगायची. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. शाळेत पाऊणकीचा पाढा मला सगळ्यांच्या आधी यायचा, त्याचं कारण हे.

कालवं कशी काढतात ते सांगते, कारण आता काकाच्या नातवंडांनीही ते पाहिलेलं नाही. कालव खडकाला असं चिकटलेलं असतं की नवख्याला तो खडकाचाच खरबरीत भाग वाटेल. हातात टोकदार लोखंड घ्यायचं, वरच्या शिंपीच्या कडेला नेमका एक टोला द्यायचा. जोरात मारलं तर आतलं मांस चिरडतं, हळू मारलं तर शिंपी उघडत नाही. झाकण उडालं की त्याच टोकानं आतलं बोटाच्या पेराएवढं करडं मांस उचलायचं आणि थोडं समुद्राचं पाणी घातलेल्या डब्यात टाकायचं. पुन्हा पुढचं. दोन-अडीच तास पाठ वाकवून बसलं की वाटीभर, फार तर दीड वाटी. शिंपीची धार ब्लेडसारखी असते. आईच्या उजव्या हाताच्या बोटांवर अजून पांढरे वण आहेत. घरी आल्यावर ती आधी हातांना हळद लावायची आणि मग कांदा चिरायला घ्यायची.

मला सोबत नेलं तरी पुढे जाऊ द्यायची नाही. "पाय बघून टाक, शेवाळ हाय." आणि दर थोड्या वेळानं मान वर करून पाण्याकडे बघायची. भरती सुरू झाली की पाणी समोरून येत नाही, आधी मागून, खडकांमधल्या खोलगट वाटांनी येतं आणि परतीचा रस्ता अडवतं. ते ओळखायला मला चौदावं वर्ष उजाडावं लागलं.

हा खडप आमच्या डोळ्यांदेखत गेला. किनारा रस्त्याचं काम २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पुलापासून वरळीपर्यंत १०.५८ किलोमीटर, त्यासाठी १११ हेक्टर भराव. आकडा ऐकताना तो पाण्यात टाकलेला भराव वाटतो. आमच्या बाजूला त्यातला बराच भाग पाणी नव्हता, बायकांची कामाची जागा होती. कुणाच्या सातबाऱ्यावर नसलेली.

सागरी सेतू २००९ साली ३० जूनला सुरू झाला तेव्हा वाड्यातली पोरं गच्चीवर चढून दिवे बघत होती. मीही होते त्यात. सुंदर दिसत होता, हे मी नाकारणार नाही.

तुमच्यापैकी कुणी वरळी, माहीम, वेसावे, माझगाव, कुलाबा, माहुल, कुठल्याही कोळीवाड्यात वाढलेलं असेल किंवा शेजारी राहिलेलं असेल तर लिहा. मोठा लेख नको. एखादी जागा, ती कशासाठी वापरायचात, आता तिथं काय आहे, एवढंच.


मांडवीकर | रविवार, रात्री ११:०२

ताई, मी मांडवी कोळीवाड्यातला. मशीद बंदर स्टेशनवरून चालत या, दुकानं आणि गोदामांच्या मधे आमचा वाडा सापडेल. समुद्र सापडणार नाही. तुमचा खडप तुमच्या हयातीत गेला, आमचा किनारा पणजोबांच्याही आधी गेला.

आमच्याकडे म्हातारी माणसं सांगायची की घराच्या मागच्या दारी होडी लागायची. लहानपणी मला ते खोटं वाटायचं, कारण मागच्या दारी मसाल्याच्या गोण्या होत्या. पुढे कळलं की पूर्व किनाऱ्यावर आधी धक्के आणि मग गोद्या झाल्या. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आलं, १८८० ला प्रिन्सेस डॉक, आणि प्रत्येक वेळी किनारा थोडा पुढे ढकलला गेला. प्रिन्सेस डॉक खणताना खाली बुडालेलं जंगल सापडलं होतं, उभे बुंधे, बरेचसे खैराचे. म्हणजे आमच्या बाजूला आधी जमीन समुद्रात गेली आणि मग समुद्र जमिनीत गेला. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

पण एक सांगतो. पाणी जाऊन शंभर वर्षांच्या वर झाली तरी आमच्याकडे नारळी पुनवेला सोन्याच्या कागदात गुंडाळलेला नारळ निघतो. मिरवणूक गोदामांच्या मधून जाते आणि पाणी लागेपर्यंत चालत राहते. लहानपणी पाय दुखायचे म्हणून मी रडायचो.


मासेखाऊ_गिरगाव | रविवार, रात्री ११:३१

मी कोळी नाही, त्यामुळे लिहू की नको असा विचार करत होते. आमच्या चाळीत एक कोळीण मावशी यायच्या. डोक्यावर पाटी, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, केसात अबोलीची वेणी. जिन्यात पहिली हाक यायची ती माझ्या आजीच्या नावानं. पाटी उतरवायला आजीनं हात लावायचा, हा नेम होता, दुसऱ्या कुणी लावला तर मावशींना चालायचं नाही. पहिला वाटा आजीचा, त्यावर भाव होत नसे. नंतर इतर बिऱ्हाडांशी खणखणीत भाव व्हायचा.

आजी गेली त्या दिवशी मावशी पाटी न घेता आल्या. दारात बसून राहिल्या. तेराव्याला मासे घेऊन आल्या आणि आईला म्हणाल्या, "आता पाटीला तू हात लाव."

त्या कुठल्या वाड्यातून येत, हे आम्ही कधी विचारलंच नाही. वीस-बावीस वर्षं त्या आमच्या घरात येत होत्या. तुमचा लेख वाचून आज पहिल्यांदा त्याची लाज वाटली.


वेसावकर_दादूस | सोमवार, सकाळी ६:२०

भरती_ओहोटी ताई, नमस्कार. पाऊणपटीचा हिशोब आमच्याकडेही तोच.

मी वेसाव्याचा. आमच्याकडे खडप कमी, वाळू आणि खाडी जास्त. आमची मोकळी जागा म्हणजे बोंबील सुकवायच्या वलांड्या. बांबू उभे करायचे, आडव्या दोऱ्या ताणायच्या, त्यावर बोंबील. बोंबील दोरीला बांधत नाहीत. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. ओल्या बोंबलाचे दात बारीक असतात पण आकड्यासारखे आत वळलेले, एकदा अडकले की वाऱ्यानं सुटत नाहीत. आमच्या घरातल्या बाया गप्पा मारत, हाताकडे न बघता तासाला शेकड्यांनी जोड्या लावत. मी लावायला गेलो की प्रत्येक वेळी बोटात दात घुसायचे.

ही जागा रिकामी दिसते, हीच आमची अडचण. बोंबील सुकवायचा मोसम सहा-सात महिने, पावसाळ्यात वलांड्या काढून ठेवाव्या लागतात. त्याच वेळी बाहेरचा माणूस आला की त्याला पडीक जागा दिसते. जाळी पसरून दुरुस्त करायची जागा, होडी ओढून डांबर-तेल लावायची जागा, सुकट पसरायची जागा, या सगळ्या तशाच. घरं मोजायला येणारे घरं मोजतात. घराच्या पुढे पन्नास पावलांवर जे अंगण आहे ते कुणी मोजत नाही, आणि कोळीवाडा तर तिथंच असतो.


रोजचा_प्रवासी | सोमवार, सकाळी ९:४८

लेख मनापासून आवडला. तरी एक बाजू मांडतो, राग मानू नये.

मी अंधेरीला राहतो, नोकरी नरिमन पॉइंटला. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीन वेळा, दक्षिण मुंबईतल्या रुग्णालयात. आधी एका बाजूला दीड तास, पावसात दोन. उपचारानंतर माणूस गळून गेलेला असतो, त्याला गाडीत दोन तास बसवणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. किनारा रस्ता झाल्यापासून तो वेळ निम्म्याच्या खाली आला. वडील आता परतताना खिडकीतून समुद्र बघतात. इतक्या मोठ्या शहराला रस्ते लागणारच. कुणाची ना कुणाची जागा जाणार. मग पर्याय काय होता, हे खरंच समजून घ्यायचं आहे.


भरती_ओहोटी | सोमवार, दुपारी १:१०

रोजचा_प्रवासी, राग कसला. तुमच्या वडिलांना आराम मिळतोय हे वाचून बरं वाटलं. मीही त्या रस्त्यावरून आईला घेऊन गेले आहे.

पर्याय विचारलात म्हणून सांगते. वाड्याचं म्हणणं रस्ता नको असं एवढंच नव्हतं. शेवटी भांडण एका मापावर येऊन थांबलं होतं. आमच्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडतात तिथं जोडपुलाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरवलं होतं. कागदावर ६० मीटर खूप वाटतात, होडी किती रुंद असते? पण अंधारात, वारा आडवा असताना, खाली खडक आणि खांबाला आपटून फिरलेलं पाणी असताना होडी सरळ रेषेत जात नाही. दोन होड्या समोरासमोर आल्या तर एकीला बाजूला सरकावं लागतं. इंजिन मधेच बंद पडलं तर पाणी होडीला थेट खांबावर नेतं. म्हणून किमान १६० मीटर मागितले होते.

हे सांगायला माझा काका आणि त्याच्याबरोबरचे नाखवे पाच वर्षं सभा, मोर्चे, कोर्ट, सगळीकडे गेले. मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ च्या जुलैमध्ये रस्त्याची किनारा नियमनाखालची परवानगी रद्द केली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. मग समुद्रात होड्या आडव्या लावून काम थांबवलं. शेवटी २०२२ च्या डिसेंबरमध्ये एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करायचं सरकारनं मान्य केलं. त्या जागी मोठी कमान बसली, १३६ मीटर लांब, वजन सुमारे दोन हजार टन. २०२४ च्या एप्रिलमध्ये तराफ्यावरून आणून पहाटे बसवली. भरतीची वेळ साधूनच बसवावी लागली. काका बंदरावर जागाच होता. मला फोन करून म्हणाला, "इंजिनेरांनी पण पाणी बघून काम केलं." त्याला त्याचं खूप समाधान वाटलं होतं.

तेव्हा पर्याय होता आणि तो अर्धा का होईना मिळाला. पाच वर्षं आधी बंदरावर येऊन विचारलं असतं तर पहिल्या दिवशीच मिळाला असता. खडपाबद्दल मात्र कुणी काही मागू शकलंच नाही, कारण बायकांची जागा म्हणून तो कुठल्या कागदावरच नव्हता. होडीला नोंदणी असते, परवाना असतो, नुकसानभरपाईचा हिशोब मांडता येतो. कालवांच्या वाटीला काय परवाना दाखवणार?


रोजचा_प्रवासी | सोमवार, दुपारी २:०५

धन्यवाद ताई. ६० आणि १२० मीटरची गोष्ट बातम्यांत वाचली होती, पण ती एवढी साधी आहे हे आज कळलं. यापुढे त्या कमानीखालून होडी जाताना दिसली तर बाबांना सांगेन.


तांडेलाची_सून | सोमवार, दुपारी ३:३०

मी लग्न होऊन वरळीत आले, माहेर अलिबागकडचं. नवीन होते तेव्हा सासूबाईंनी पहिल्या पुनवेला खडपावर नेलं. माझ्या हातून एका तासात सात कालवं निघाली. सासूबाईंनी ती सात वेगळ्या वाटीत ठेवली, वेगळी शिजवली आणि सासऱ्यांच्या ताटात वाढताना सांगितलं, ही सुनेची. तेवढ्यावर मी या घरची झाले.

२०२० साली मार्चच्या अखेरीस आमचा वाडा बंद केला, मुंबईत सगळ्यात आधी बंद झालेल्या वस्त्यांपैकी आमची. भाजी येईना, दूध येईना, पोलीस चौकाचौकात. एका घरात आम्ही नऊ जण. मासे विकायला बाहेर जाता येत नव्हतं. त्या दिवसांत वाड्याबद्दल टीव्हीवर जे दाखवत होते त्यात प्रत्येक वेळी दाटीवाटीची झोपडपट्टी असाच शब्द यायचा. माझा मुलगा तेव्हा पाचवीत, त्यानं विचारलं, आपण झोपडपट्टीत राहतो का? सासूबाई म्हणाल्या, "मुंबई नव्हती तवा पण हे घर होतं." घर म्हणजे ही विटांची भिंत नव्हे, ती नंतरची, पण जागा तीच.

हा शब्द नुसता बोलण्यातला नाही. कागदावर एकदा झोपडपट्टी असं लागलं की पुढे इमारत, खोल्या, लिफ्ट. चौदाव्या मजल्यावर जाळं कुठं पसरणार आणि मासळीचा वास कुणाला चालणार? मध्यंतरी घरं मोजायला माणसं आली होती. माझ्या दिरानं त्यांना पुढच्या दारातून आत नेलं आणि मागच्या दारातून बंदरावर काढलं. म्हणाला, इथपासून लिहायला घ्या. त्यांच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.


कुलाबा_बंदर | सोमवार, संध्याकाळी ७:१५

माझं बालपण कफ परेडच्या मच्छीमार नगरात. मागे उंच इमारती, पुढे आमच्या होड्या. त्या इमारतींची जमीनही भरावाचीच.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते दहा जण रबरी बोटीतून आमच्याच किनाऱ्यावर, बधवार पार्कजवळ उतरले. त्यांना सगळ्यात आधी पाहिलं आणि हटकलं ते आमच्या वस्तीतल्या माणसांनी. आमच्या बंदरात परकी बोट लागली तर ती लगेच ओळखू येते, कारण कोण कुठल्या वेळेला परततो हे घरात बसलेल्या बाईलाही माहीत असतं. नंतर कित्येक दिवस आमच्याकडे पत्रकार येत होते, मग ओळखपत्रं आली, होड्यांना रंग आणि क्रमांक आले. किनाऱ्याची राखण करणारे म्हणून भाषणांत आमचं नाव घेतात. त्याच किनाऱ्यावर होडी ओढायला जागा मागितली की अतिक्रमण म्हणतात.


सिएटलहून | मंगळवार, सकाळी ८:४०

मी मूळची दादरची, बारा वर्षं सिएटलला आहे. हा धागा वाचताना इथली एक जागा सतत डोळ्यापुढे येत होती म्हणून लिहिते.

या शहराला नाव दिलंय सिआल नावाच्या सरदाराचं. तो डुवामिश आणि सुक्वामिश या मूळ रहिवाशांचा पुढारी. गोरे वसाहतवाले आले १८५१ मध्ये आणि १८६५ मध्ये, म्हणजे चौदाच वर्षांत, गावाच्या मंडळानं मूळ रहिवाशांना गावात राहायला बंदी करणारा ठराव केला. त्यांच्याच पुढाऱ्याचं नाव गावाला, आणि त्यांनाच गावात मज्जाव. तरी त्यांचे हात शहराला हवे होते. दर वर्षी हॉप्सच्या (बिअरमध्ये घालतात त्या फुलांच्या) तोडणीला लांबलांबून लोक लाकडी होड्यांतून यायचे आणि बंदरालगतच्या बॅलास्ट आयलंडवर उतरायचे. हे बेट म्हणजे रिकाम्या येणाऱ्या जहाजांनी तोल राखायला भरून आणलेले आणि इथं ओतून दिलेले दगड. जगभरच्या बंदरांतले दगड, त्यावर इथल्याच माणसांचे तंबू. पुढे तिथूनही त्यांना हुसकलं आणि ते बेट भरावात गेलं. आज तिथं एक पाटी आहे. मी रोज ऑफिसला त्या बाजूनं जाते.

डुवामिशांना केंद्र सरकारची मान्यता आजही नाही. पण २००९ मध्ये त्यांनी नदीकाठी, जिथं त्यांचं जुनं गाव होतं त्याच्या समोर, आपलं लाकडी लाँगहाऊस बांधलं. मी तिथं दोनदा गेले आहे. पहिल्या वेळी एका आजींनी मला विचारलं, तू कुठली? मुंबई म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तिथलं मूळचं कोण? मी कोळी म्हणून सांगितलं आणि मुंबादेवीवरून शहराचं नाव कसं पडलं ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, ते आता कुठं राहतात? मला फक्त वरळी आणि वेसावे एवढी दोन नावं सांगता आली. दादरची असून माहीमचं नावसुद्धा त्या क्षणी आठवलं नाही.


मांडवीकर | मंगळवार, सकाळी १०:१२

सिएटलहून ताई, आमची मुंबादेवीही जागची हलली. आधी ती आताच्या सीएसएमटीच्या परिसरात होती, इंग्रजांनी किल्ल्यासाठी जागा रिकामी केली तेव्हा भुलेश्वरला गेली. देवीलाही स्थलांतर चुकलं नाही.


खाडीकाठ | मंगळवार, रात्री ८:५५

माहुलकडून थोडंसं. आमच्याकडे खडक नाहीत, चिखल आहे. चिखलात निवट्या असतात, पाण्याबाहेरही फिरणारा, डोळे डोक्यावर असलेला मासा. तो हातानं पकडतात. बिळाला दोन तोंडं, एका तोंडात पाय दाबायचा आणि दुसऱ्याशी ओंजळ धरायची. माझे वडील मांडीपर्यंत चिखलात असायचे आणि तरी चालताना आवाज व्हायचा नाही. पन्नाशीच्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने आले, मग बाकीचे. निवट्या अजून मिळतो, पण वडील गेल्या काही वर्षांत तो घरी आणत नाहीत. रॉकेलचा वास येतो म्हणतात. मला येत नाही. त्यांना येतो.

एक सूचना. सगळ्यांनी आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जागांची नावं लिहून घ्या. पाण्यातल्या जागांची. गल्ल्यांना पाट्या आहेत, पाण्याला नाहीत.


वेसावकर_दादूस | मंगळवार, रात्री ९:३०

खाडीकाठ, एकदम बरोबर. फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, नुसतं लिहू नका. आमच्या धवळारीण (लग्नात गाणी म्हणणाऱ्या) आजी गेल्या, हळदीची गाणी त्यांच्याबरोबर गेली. लग्नात आता बँडवर कोळीगीतं वाजतात आणि पाहुण्यांना तीच जुनी वाटतात. शिवाय नावं सांगताना माणूस हात करून दाखवतो, ते शक्य असेल तर बंदरावर नेऊनच विचारा. घरात बसून आठवत नाही.


भरती_ओहोटी | शनिवार, रात्री ९:०५

खाडीकाठ आणि दादूस, तुम्ही सांगितलंत तसं केलं. आज आईला पुन्हा नेलं. तिथीप्रमाणे ओहोटी संध्याकाळी होती. काका आला, दोन्ही काकू आल्या, तांडेलाची_सून यांच्या सासूबाई काठी टेकत आल्या. (हो, चार घरं सोडून राहतात. या धाग्यामुळेच कळलं.) प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बंदरावर बसलो, वही माझ्याकडे, फोन पुतण्याकडे.

सुरुवातीला कुणाला काही आठवेना. मग पाणी उतरायला लागलं आणि उरलेल्या खडपाचा एक तुकडा वर आला. तिथून धाकट्या काकूनं सुरुवात केली. त्या खडकाच्या डावीकडे काय, त्याच्या पुढे काय. एकीनं नाव सांगायचं, दुसरीनं नाही म्हणायचं, मग भांडण, मग एकमत. वाटीचा खडक, कारण तिथं एका बैठकीत वाटी भरायची. बाळंतिणीचा, कारण कुणीतरी कालवं काढता काढता तिथंच कळा सुरू होऊन घरी आली होती. ती कोण यावर दोन मतं आहेत, दोन्ही लिहून घेतली. सव्वा तासात सतरा नावं झाली. त्यातले पाच खडक आजही ओहोटीला दिसतात, बाकीचे भरावाखाली. आईला तिचा खांबही सापडला. बोटानं दाखवून म्हणाली, त्याच्या पायाशी, अलीकडच्या अंगाला.

शेवटी मी शेवंडीच्या (लॉबस्टरच्या) कपारीचं विचारलं. आमच्या आजीला एक कपार माहीत होती, पावसाळा संपला की तिथं हमखास शेवंड मिळायची. एका शेवंडीच्या पैशात दोघा भावंडांची शाळेची वह्या-पुस्तकं यायची. आजीनं ती जागा फक्त आईला दाखवली होती, काकूंना नाही. दोन्ही काकू आईकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, "आय, आता तिथं रस्ता आहे. सांगितलंस तर काय बिघडतं?"

ती म्हणाली, "सासूला शब्द दिलाय."

वहीत अठराव्या आकड्यापुढची ओळ मोकळी ठेवली आहे.